मिटली तर जिती

खाडीला ओहोटी लागली की आमच्या गावातल्या बायका परड्या घेऊन तिसऱ्यांना, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या शिंपल्यांना, निघायच्या. देवगड तालुक्यातलं, खाडीच्या अगदी काठावरचं गाव. आजीच्या मागून मीही जायचे. पोटरीभर चिखलात वाकून बोटं फिरवायची, टणक काही लागलं की वर काढायचं, पाण्यात खंगाळायचं, परडीत टाकायचं. घरी आणलेल्या तिसऱ्या रात्रभर खाडीच्याच पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू त्या आपणहून बाहेर टाकतात. सकाळी पाणी ओतून दिलं की निवडायचं काम. ते काम आजीनं मी सात-आठ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे सोपवलं होतं.

बहुतेक तिसऱ्या घट्ट मिटलेल्या असत. काही मात्र किंचित उघड्या, आतलं पांढरट मांस दिसेल इतक्या. त्यांच्यासाठी आजीचा एकच नियम होता.

"बोट लाव तिका. मिटली तर जिती, नाय मिटली तर टाकून दी."

मी बोट लावायचे. एखादी झटकन मिटायची, बोटाच्या टोकाला चिमटा बसावा अशी. एखादी इतकी सावकाश की तोवर मी तिला टाकायच्या ढिगात फेकलेलं असायचं. आजी ती उचलून परत माझ्यासमोर ठेवायची. "घाय करू नुको गो चेडवा. तिका येळ लागता."

मिटलेल्यांचीही परीक्षा असायची. मेलेल्या तिसरीच्या शिंपांमध्ये कधीकधी चिखल गच्च भरतो आणि ती बाहेरून जिवंत तिसरीसारखीच मिटलेली दिसते. अशी एक जरी टोपात गेली तरी सगळं कालवण चिखलाचं होतं. म्हणून आजी दोन-दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून कान द्यायची. जिवंत तिसरी टणक वाजते, चिखलाची बद्द वाजते. एवढं सगळं झालं की ती विळीवर बसायची आणि एकेक तिसरी फोडून एका शिंपेत मांस ठेवून दुसरी शिंप टाकून द्यायची. त्या दिवशी जेवायला एकशिपी असायची. जी जिवंत आहे अशी खात्री करून घेतली, तिलाच आपण खातो, हे मला त्या वयात कधी टोचलं नाही. आज ते आठवलं की जेवताना क्षणभर हात थांबतो, पण एकशिपी मी अजूनही खाते.

पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यावर कळलं की आजीच्या नियमामागे केवढी यंत्रणा आहे. तिसरीच्या दोन शिंपा जिथे जोडलेल्या असतात तिथे रबरासारखा लवचीक बंध असतो. तो शिंपांना सतत उघडायला बघतो. आतून दोन स्नायू त्यांना ओढून धरतात. उघडी शिंप ही बंधाची करणी, मिटलेली शिंप ही जिवाची. मिटून राहायचं तर तिसरीला काम करावं लागतं, त्यासाठी पाण्यातून गाळून घेतलेलं अन्न जाळावं लागतं. ती मेली की स्नायू सैल पडतात आणि शिंप उघडते, कुणी उघडत नाही, आपोआप. प्रयोगशाळेच्या टेबलावर शिंपेचं विच्छेदन करताना मला आजीचं ते सकाळचं अंगण दिसत होतं.

त्यानंतर मी शाळेत लागले. बावीस वर्षं सहावीला विज्ञान शिकवते आहे आणि दर जूनमध्ये फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिते आहे. पोषण, श्वसन, वाढ, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन, ठरावीक आयुर्मान, पेशीमय रचना. मुलं उतरवून घेतात. मग शंका येतात, आणि दरवर्षी नव्या मुलांच्या तोंडून जवळजवळ त्याच येतात. चुलीतला विस्तव लाकूड खातो, हवा घेतो, राख टाकतो, वाढतो, एका चुलीतून दुसऱ्या चुलीत नेला की त्याचं पोर होतं. मग तो सजीव का नाही? हा प्रश्न मला फार आवडतो. शिरोड्याकडची मुलं असली की मिठाचा विषय निघतो. तिथल्या मिठागरात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. बाबांबरोबर मिठागरावर जाणारी मुलं सांगतात की रवाळ मीठ रोज मोठं होतं. आपली भाषाही त्यांच्याच बाजूची आहे. नारळी-पोफळीचं ते आगर, मिठाचंही आगरच. भात पिकतं, आंबा पिकतो आणि मीठही पिकतं. विहिरीला लागतो तो जिवंत झरा. मी सांगते की मिठाचा खडा बाहेरून थर चढत मोठा होतो. पोर वाढतं ते खाल्लेल्या अन्नाचं स्वतःच्या अंगात रूपांतर करून, आतून. मुलांना ते पटतं. विस्तवाचं मात्र मला दोन तास पुरत नाहीत.

प्रजननाचं लक्षण तर आमच्या भागात शिकवायला अवघडच. हापूसची कोय रुजवली तर हापूस होईलच असं नाही, रायवळ निघतो. म्हणून कलम बांधायचं. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर, त्याची काडी तिसऱ्यावर. म्हणजे आमच्या सड्यावरची हापूसची झाडं ही एकमेकांची मुलं नव्हेत, एकच झाड शेकडो ठिकाणी उभं आहे. मग त्याचं "ठरावीक आयुर्मान" कुठून मोजायचं? मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्या सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून त्या निर्जीव ठरत नाहीत. पेशींचं म्हणाल तर 1665 साली रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या पातळ कापात ज्या कोठड्या पाहिल्या आणि ज्यांना त्यानं नाव दिलं, त्या मेलेल्या होत्या. आत काही नव्हतं, नुसत्या भिंती.

एवढं असूनही ती यादी मला पुसून टाकावीशी वाटत नाही, कारण ती घेऊन मुलांना कांदळवनात नेलं की त्यांचे डोळे उघडतात. तिवराखाली चिखलातून शेकडो मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. भरतीत बुडतात, ओहोटीत हवा घेतात, कारण त्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. मी मुलांना तिवराचं पान जिभेला लावायला सांगते. खारट लागतं. मुळांतून आत आलेलं जादा मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं, उन्हात नीट बघितलं तर पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. श्वसन आणि उत्सर्जन हे शब्द फळ्यावरून उतरून तोंडात येतात ते तिथे. आणि कांदळाकडे बघितलं की प्रजनन. त्याचं बी फांदीवर असतानाच रुजतं, हातभर लांब हिरवी शेंग लोंबावी तसा कोंब खाली लोंबतो आणि सुटला की भाल्यासारखा चिखलात रुततो. एका वर्षी एका मुलानं तो भाला पाण्यातून वाहत आलेला पकडला आणि सगळा वर्ग तो रोवायला धावला. चिखलानं माखलेली ती मुलं बघून मला वाटलं, शिकवायचं ते हेच.

दोन वर्षांपूर्वीचा जून. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्याच्या आवाजात माझा आवाज पोचत नव्हता. तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी. दोन्ही मुठी मिटलेल्या. तिनं त्या माझ्या वहीवर उघडल्या. दोन्हींतून भात पडलं, सालीसकट.

"बाई, ह्येतला जिता भात खयचा?"

मी दोन्ही ढिगांकडे बघितलं. एक ढीग किंचित पिवळा वाटत होता, पण पावसाळी उजेडात तेही खात्रीनं सांगता आलं नसतं. तिनं सांगितलं, एक मूठ घरच्या मुडीतली. पेंढ्याच्या दोरांनी घट्ट वळलेली बियाण्याची मुडी त्यांच्या माळ्यावर असते, चुलीच्या धुराच्या वाटेवर. पेरणी होऊन थोडं बियाणं उरलं होतं. दुसरी मूठ उकड्या भाताची. आम्ही रोजची पेज उकड्या तांदळाची करतो. त्यासाठी भात सालीसकट भिजवून मोठ्या टोपात उकडतात, मग अंगणात वाळवून गिरणीवर नेतात. तिच्या आईनं उन्हाळ्यात उकडून वाळवलेल्या भातातली ती मूठ होती.

मी यादी आठवली. दोन्ही ढिगांत हालचाल नाही, वाढ नाही, खाणं नाही, टाकणं नाही. पेशी दोन्हींत. बोट लावलं तर दोन्ही गप्प.

"मुडीतलं जिवंत आहे," मी म्हटलं. "ते सुप्तावस्थेत आहे."

"पण मेलेला असता तर येगळा काय दिसला असता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुप्तावस्था हा शब्द मी तिच्या प्रश्नावर झाकण ठेवल्यासारखा ठेवला होता आणि तिनं ते उचलून बाजूला ठेवलं. शब्द सांगून प्रश्न संपवायचा, ही सवय शिक्षकाला कधी लागते ते कळत नाही. मला ती लागली होती, हे त्या दिवशी लक्षात आलं.

घरी सगळेच शेतकरी जे करतात तेच आम्ही केलं. शंभर दाणे मुडीतले, शंभर उकड्याचे. दोन सुती फडकी भिजवून पिळली, दाणे रांगेनं मांडले, गुंडाळी केली, विज्ञानाच्या कपाटात ठेवली. बियाणं रुजेल की नाही हे बघायची ही जुनी रीत. प्रयोगशाळेतही तत्त्व तेच असतं. भाताच्या प्रमाणित बियाण्यातले शंभरातले निदान 80 दाणे उगवले पाहिजेत असा नियम आहे आणि ओलावा 13 टक्क्यांहून जास्त चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फडकी उघडली. दोन्हींतले दाणे टरारून फुगलेले. उकड्याचे तर जरा जास्तच. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिला खरं ते सांगितलं. फुगणं हे जिवाचं काम नाही. सुकं लाकूडही पाणी पितं, पावसात आमच्या दाराची चौकट फुगते. आजीच्या बद्द वाजणाऱ्या तिसरीची मला आठवण झाली. तीही मिटलेली असायची.

त्या रात्री झोप लागेना. बोट लावल्यावर उत्तर आलं तर जिवंत, हे मी लहानपणापासून धरून होते. पण जगदीशचंद्र बोस यांनी त्या नियमाला फार मोठी खोच लावून ठेवली आहे. त्यांच्या क्रेस्कोग्राफ नावाच्या यंत्रानं झाडाची सूक्ष्म हालचाल दहा हजार पटींनी मोठी करून दाखवली, हे आम्ही मुलांना अभिमानानं सांगतो. आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू देत नाहीत, झोपलंय ते म्हणतात. चिंचेची पानं खरंच संध्याकाळी मिटतात. बोस यांचं म्हटलं की मुलांना ते पटकन जवळचं वाटतं. पण त्याआधीचं त्यांचं काम आम्ही फारसं सांगत नाही. कथिलासारख्या धातूच्या तारेला धक्का दिला तर तिच्यातही विजेचा प्रतिसाद उमटतो, धक्के देतच राहिलं तर तो मंदावतो, विश्रांतीनंतर परत येतो, काही रसायनांनी कायमचा थांबतो, हे त्यांनी मोजलं आणि 1902 मध्ये प्रसिद्ध केलं. सजीव आणि निर्जीव यांच्यामध्ये एक रेघ ओढता येईल, असं त्यांना वाटत नव्हतं. मला मात्र तार आणि तिसरी एक वाटत नाहीत. तार गप्प पडून राहिली तरी तारच असते, तिला तार राहण्यासाठी काही करावं लागत नाही. तिसरीला क्षणोक्षणी ओढून धरावं लागतं.

पण मग मुडीतला दाणा काय ओढून धरतो? कोरड्या दाण्यात चयापचय इतका मंद असतो की तो चालू आहे म्हणायचा की थांबला, हे मोजायलाही कठीण. माझा तिसरीचा नियम इथे अडतो, आणि तो अडतो हे मी कबूल करते.

विषाणूंचंही असंच झालं होतं. 1935 साली वेंडेल स्टॅन्ले यांनी तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रोगाचा विषाणू पानांच्या रसातून वेगळा केला आणि त्याचे चक्क स्फटिक मिळवले. शिरोड्याच्या मिठासारखे कोरडे, बाटलीत भरून फळीवर ठेवण्याजोगे. त्या कामाला 1946 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते स्फटिक पाण्यात विरघळवून तंबाखूच्या पानावर चोळले की काही दिवसांत पानावर रोग दिसू लागायचा. बाटलीकडे नुसतं बघून स्टॅन्ले यांनाही काही सांगता आलं नसतं. पान आणावं लागलं, चोळावं लागलं, वाट बघावी लागली.

आमच्याकडची माणसं हे कायम करत आली आहेत, फक्त त्याला ती प्रयोग म्हणत नाहीत. कलम जगलं का हे बघायला माझे वडील काडीची साल नखानं तीळभर खरवडायचे. खाली हिरवं दिसलं की काही न बोलता पुढच्या कलमाकडे जायचे. करडं दिसलं तरी ते लगेच उपटायचे नाहीत, आणखी पंधरा दिवस ठेवायचे. बियाण्याच्या प्रयोगशाळेतही एक झटपट चाचणी आहे. दाणा मधोमध कापून टेट्राझोलियम नावाच्या रंगहीन क्षाराच्या पाण्यात बुडवतात. अंकुर श्वास घेत असेल तर तो लालभडक होतो, मेलेला असेल तर पांढराच राहतो. झटपट खरी, पण कापलेला दाणा पेरता येत नाही. ओल्या फडक्यातही तेच. एकदा मोड फुटला की त्या दाण्याला परत सुकवून माळ्यावर ठेवता येत नाही; तो वाढणार नाहीतर मरणार. शंभर दाण्यांना विचारायचं, ते शंभर खर्ची घालायचे आणि त्यांच्यावरून मुडीतल्या बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. ज्याला विचारलंत तो मूळचा दाणा राहत नाही. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, 1960 साली स्थापन झालेली. तिथे भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत, दीर्घकाळासाठीचे उणे 20 अंशांच्या थंडीत. तिथेही अधूनमधून काही दाणे बाहेर काढून भिजवावेच लागतात. थंडी कितीही असो, डबा बंद ठेवून जिवंतपणाची खात्री होत नाही.

आणि सगळ्या बिया इतकं थांबतही नाहीत. कांदळाचं बी झाडावरच रुजून मोकळं होतं. आंब्याची कोय, फणसाची आठळी पुरती सुकली की मेली. कोय जपून पुढच्या वर्षी लावू म्हटलं तर लावायला काही उरत नाही. भाताचा दाणा मात्र सुकला म्हणूनच टिकतो. आमच्या दमट हवेत तोही फार वर्षं नाही, म्हणून तर मुडी धुरावर टांगायची. थांबायची ही ताकद कुणाला किती मिळाली, हे यादीत कुठल्याच लक्षणाखाली येत नाही, आणि माझ्या मते ते यावं.

आजी गेली त्या रात्री मी अकरावीत होते. शेजारच्या काकूंनी तिच्या नाकाशी कापूस धरला. तो हलला की नाही यावर दोघांचं एकमत होईना, कारण खिडकीतून वारा येत होता. मग डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि शेवटी पापणी वर करून डोळ्यावर बॅटरीचा उजेड टाकला. उजेड पडला की डोळ्याची बाहुली आकसते, आपण ठरवो न ठरवो. ते उजेड टाकत आणि थांबत. दुसऱ्या डोळ्यावर टाकत आणि थांबत. मी दाराला टेकून उभी होते. डॉक्टर फार सावकाश काम करत होते, त्यांना घाई नव्हती, आणि मी मनात त्यांना म्हणत होते, आणखी थोडं थांबा, तिला वेळ लागतो. त्यांनी बॅटरी विझवली तेव्हा घरातलं कुणीच काही बोललं नाही. मी जाऊन तिच्या हाताला बोट लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडताच ती मुलगी कपाटापाशी उभी होती. फडकं मी तिलाच उघडू दिलं. मुडीतल्या दाण्यांच्या टोकाला पांढरा ठिपका फुटला होता, मोहरीएवढासुद्धा नाही. सगळ्यांना नाही, निम्म्यांना असेल. तिनं नाक जवळ नेऊन वास घेतला. ओल्या मातीचा नव्हे, दुधाचा वास असतो त्याला. उकड्याच्या फडक्याला मात्र आंबूस वास सुटला होता.

त्या पांढऱ्या ठिपक्यामागे काय घडलं ते मी तिला फळ्यावर काढून दाखवलं. पाणी आत गेल्यावर दाण्याच्या एका टोकाला असलेला इवलासा अंकुर निरोप धाडतो. पिष्टाच्या भोवती एक पातळ थर असतो, त्याला तो निरोप पोचतो. तो थर विकर तयार करतो, विकर पिष्टाची साखर करतं, साखर अंकुराकडे जाते आणि अंकुर वाढतो. निरोप जिबरेलिन नावाच्या संप्रेरकाचा असतो. ते नाव तिला सांगितलं, पण लक्षात ठेवच असं म्हटलं नाही. उकड्या भातात पिष्ट होतं, प्रथिनं होती, पाणीही भरपूर गेलं होतं. उकळीनं प्रथिनांची घडी मोडली होती, एवढंच. घडी मोडली की निरोप धाडायला कुणी नाही आणि घ्यायलाही कुणी नाही. तिनं विचारलं, "बाई, सामान सगळा आसा आणि घरात कोण नाय, तसा?" मी हो म्हटलं. इतकी वर्षं शिकवून मला ते इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मोजणी. वर्गातली सगळी मुलं टेबलाभोवती जमली. मुडीतले शंभरातले एक्याण्णव रुजले होते. काहींचे कोंब नखाएवढे, मुळांना बारीक लव. उकड्याचा एकही नाही, पण त्या फडक्यावर करड्या बुरशीची मऊ लव पसरली होती, काठाशी काळे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. कुणीतरी नाक दाबलं. ती मुलगी वाकून बघत म्हणाली, "ह्या पण जिता झाला." मी तिला सांगितलं, भात जितं नाही झालं, भातावर दुसरं कुणी जितं आलं, हवेतून. मुलं बुरशीकडे बघायला पुन्हा पुढे सरकली. मेलेल्या शंभर दाण्यांवर त्या दिवशी आमचा अर्धा तास गेला, तो अभ्यासक्रमात नव्हता.

मग प्रश्न आला रुजलेल्यांचं काय करायचं. मी म्हटलं, शाळेच्या मागे टाकू कुठेतरी. तिनं मान हलवली. "आता ह्येंका थांबवूक येवचा नाय," ती म्हणाली. घरी तरव्याच्या, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भातरोपांच्या, कडेला एक पट्टा रिकामा होता, तिथे चिखलावर फेकायला तिचे बाबा नाही म्हणणार नाहीत, असं तिचं म्हणणं. दक्षिण कोकणात आम्ही सहसा तरवा काढून लावणी करतो. रायगडकडे मोड आलेलं भात थेट चिखलावर फेकतात, त्याला रहू म्हणतात. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपला रुमाल नळाखाली भिजवला, एक्याण्णव दाणे त्यात गुंडाळले आणि छत्रीच्या दांड्याबरोबर मुठीत धरून पावसात निघून गेली.

नऊ दाणे उरले. फुगलेले, गुळगुळीत, टोकाला काही नाही. प्रयोगशाळेतली भाताची मोजणी चौदाव्या दिवसापर्यंत चालते आणि आमचा चौथाच होता. मी फडकं धुतलं, पिळलं, नऊ दाणे मधोमध ठेवून घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं.